चालती गाडी अचानक बंद पडते: फ्युएल पंपाच्या वायरिंगमधला दोष कसा शोधावा

माझी पेट्रोलवरची हॅचबॅक एका पावसाळ्यात कात्रजच्या घाटात पहिल्यांदा बंद पडली, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत ती कधी सिग्नलला, कधी उड्डाणपुलाच्या चढावर, तर एकदा चक्क सोसायटीच्या फाटकातच बंद पडली. दहा-पंधरा मिनिटे थांबले की ती पुन्हा सुरू होत असे आणि गॅरेजमध्ये नेली की दिवसभर निमूट चालत असे. या काळात प्लग बदलले, कॉइल बदलली, टाकीतला पंप दोनदा बदलला, आणि शेवटी दोष निघाला तो मागच्या सीटखाली, मॅटच्या आड, पत्र्याला आवळलेल्या अर्थिंगच्या एका गंजलेल्या स्क्रूमध्ये. पहिल्याच आठवड्यात कोणी रस्त्यावर गाडी चालू असताना पंपावर मीटर लावला असता, तर पुढचा सगळा खर्च वाचला असता. ज्यांना हे काम पहिल्यांदाच करायचे आहे, किंवा गॅरेजमध्ये उभे राहून ते नीट करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी मी शिकलो तो क्रम इथे लिहितो आहे.

सुरुवातीला रचना समजून घ्यावी. ‘पेट्रोल पंप’ म्हटले की आपल्याकडे पेट्रोल भरण्याची जागा समजली जाते, म्हणून टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणाऱ्या या पंपासाठी इथे ‘फ्युएल पंप’ असाच शब्द वापरतो. गॅरेजमध्ये त्याला ‘टाकीतली मोटर’ असेही म्हणतात. बॅटरीचा करंट फ्यूजमधून रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, येतो, रिलेतून एक लांब वायर दरवाज्याखालच्या पट्टीतून मागे टाकीपर्यंत जाते, तिथे कपलरमधून (वायरी जोडणाऱ्या प्लगमधून) पंपात शिरते आणि दुसऱ्या वायरने बॉडीच्या अर्थिंगला मिळते. रिले चालू ठेवायचा की बंद करायचा हे गाडीचा ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, ठरवतो. चावी फिरवल्यावर तो पंप दोन-तीन सेकंद चालवून लाइनमध्ये दाब तयार करतो, आणि इंजिन फिरत असल्याचा सिग्नल क्रँक सेन्सरकडून मिळत राहिला तरच पंप पुढे चालू ठेवतो. म्हणजे पंप थांबला म्हणून इंजिन बंद पडते, तसेच इंजिन बंद पडले म्हणूनही पंप थांबतो. यातले आधी काय घडले हे शोधणे, हेच या कामातले निम्मे काम आहे.

खालची माहिती साध्या रिलेवर चालणाऱ्या मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांची आहे. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळ्या कंट्रोल मॉड्यूलने कमी-जास्त केला जातो. तिथे व्होल्टेजचे आकडे वेगळे येतात, त्यामुळे या लेखातली मोजमापे त्या गाड्यांना लावू नयेत.

१. आधी आठवडाभर वही ठेवा

गाडी जेव्हा जेव्हा बंद पडेल तेव्हा पुढच्या गोष्टी त्याच दिवशी लिहून ठेवा: इंजिन गार होते की तापलेले, टाकीत पेट्रोल किती होते, पाऊस किंवा खड्डा होता का, एसी चालू होता का, आणि पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला. बंद पडण्याची पद्धत सर्वांत महत्त्वाची आहे. चावी काढून घेतल्यासारखी गाडी एका क्षणात मेली, तर इग्निशन स्विच, मेन रिले (ईसीएमला करंट देणारा) किंवा क्रँक सेन्सर यांच्यावर संशय अधिक असतो. पिकअप गेला, दोन-चार झटके बसले, ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना आणि मग ती बंद पडली, तर पेट्रोल कमी पोहोचत होते असे समजावे.

गाडी गिअरमध्ये असताना आणि चाके अजून फिरत असताना आरपीएमचा काटा एकदम शून्यावर आपटला, तर रोख क्रँक सेन्सरकडे जातो, कारण क्लच न दाबता गाडी लोटत असेल तर इंजिन प्रत्यक्षात अजून फिरतच असते. पेट्रोल न मिळाल्याने बंद पडणाऱ्या इंजिनात काटा वेगाबरोबर सावकाश खाली येतो. ही एक नोंद मी सुरुवातीलाच केली असती, तर कॉइल बदलण्याची वेळ आली नसती.

गाडी बंद पडताच ब्रेक हलका ठेवणाऱ्या व्हॅक्यूमचा साठा एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर संपतो आणि ब्रेक कडक होतो, स्टिअरिंगही जड होते. म्हणून नोंदी घेण्याआधी हॅझर्ड दिवे लावून गाडी कडेला घ्यावी.

२. साहित्य आणि कागदपत्रे

- डिजिटल मल्टिमीटर, ज्यात १० अँपिअरपर्यंत करंट मोजता येतो
- हेडलाइटचा ५५ वॉटचा जुना पण चालू बल्ब, दोन वायरी जोडलेला
- मीटरच्या टोकाला लावायच्या बारीक टाचण्या, कपलरच्या मागून वायरीलगत सरकवण्यासाठी
- १५ अँपिअरचा फ्यूज लावलेली हातभर वायर
- त्याच नंबरचा एक नवा रिले
- काँटॅक्ट क्लीनरचा स्प्रे, बारीक पॉलिश पेपर, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायची धातूची कडी) आणि क्रिंपिंगचा पक्कड
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीएमने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारे यंत्र. साधा ब्लूटूथवाला चालेल
- चालू स्थितीतले अग्निशामक नळकांडे

कागदांपैकी गाडीच्या रिपेअर मॅन्युअलमधले वायरिंग डायग्राम मिळवणे सर्वांत उपयोगी. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरचा तक्ता पुरेसा वाटतो, पण वायरींचे रंग आणि अर्थिंगची जागा त्यावर नसते. पार्ट मागवताना चॅसिस नंबर लागतो, म्हणून आरसीची प्रत जवळ ठेवावी. बाहेरून सीएनजी किट, सेंट्रल लॉक किंवा चोर-अलार्म बसवला असेल, तर त्याचे बिल आणि जोडणीचा कागद शोधून ठेवा. दोष तिथेच दडलेला असण्याची शक्यता बरीच असते. गाडी अजून वॉरंटीत असेल, तर स्वतः काहीही उघडू नका.

३. टाकीजवळ हात घालण्याआधी

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती गाडीच्या तळाशी आणि जमिनीलगत साचते. काम उघड्यावर करावे, चारही दरवाजे उघडे ठेवावेत, आणि पंपाचा कपलर काढण्या-लावण्याआधी चावी बंद करावी. टाकीवरचे झाकण उघडे असताना बल्ब, सोल्डरिंगची इस्त्री किंवा ठिणगी पडेल असे काहीही जवळ नेऊ नये. हेडलाइटचा बल्ब काही सेकंदांत भाजेल इतका तापतो. लाइनमध्ये इंजिन बंद असतानाही दाब राहतो. पाइप सोडवायचाच असेल, तर पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे आणि मगच हात घालावा. विजेच्या तपासणीसाठी मात्र पाइप सोडवण्याची गरज पडत नाही.

४. गाडी बंद पडल्यावरची पहिली दोन मिनिटे

दोष तात्पुरता असेल, तर तो फक्त याच दोन मिनिटांत हाती लागतो. बहुतेक लोक या वेळात घाबरून पुन्हा पुन्हा सेल्फ मारतात आणि पुरावा घालवतात. त्याऐवजी क्रमाने चार गोष्टी कराव्यात.

चावी पूर्ण बंद करून पुन्हा ऑन करा आणि मागच्या सीटजवळ कान द्या. दोन-तीन सेकंदांची बारीक घरघर ऐकू यायला हवी. रस्त्यावर गोंगाट असेल, तर दुसऱ्या माणसाला पेट्रोल भरण्याच्या नळीचे झाकण उघडून तिथे कान लावायला सांगा. त्याच वेळी डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो का ते पाहा. तो लागलाच नाही, तर ईसीएमलाच करंट मिळत नाही, म्हणजे दोष पंपाच्या अलीकडे, मेन रिले किंवा इग्निशन स्विचमध्ये आहे. मग एकदाच सेल्फ मारून आरपीएमचा काटा थोडा तरी हलतो का पाहा. बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सरचा सिग्नल मिळत नसेल तर तो जागचा हलत नाही. शेवटी, घरघर नसेल तर रबरी हातोड्याने किंवा बुटाच्या टाचेने टाकीच्या तळाला हलके ठोके द्या आणि पुन्हा चावी ऑन करा. ठोक्याने पंप जागा झाला, तर त्याचे कार्बन ब्रश झिजले आहेत असे बहुधा निघते, आणि मग तो बदलावाच लागतो.

फोर्ड आणि फियाटच्या काही जुन्या गाड्यांत धक्का बसल्यावर पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो. तो एखाद्या मोठ्या खड्ड्यानेही उडू शकतो. बटण दाबले की तो पूर्ववत होतो, त्यामुळे त्याची जागा आधीच शोधून ठेवावी.

स्कॅनर असेल तर कोड पुसण्याआधी त्यांचा फोटो घ्या. भारतात पेट्रोल गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचे झाले ते १ एप्रिल २०१३ पासून, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत साधा स्कॅनर चालायला हवा. पी०२३० हा कोड पंपाच्या रिलेला चालवणाऱ्या सर्किटचा, पी०२३१ आणि पी०२३२ हे पंपाकडे जाणाऱ्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी किंवा जास्त असल्याचे, पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा आणि पी०१७१ हा मिश्रणात पेट्रोल कमी पडत असल्याचा. एकही कोड आला नाही म्हणून वायरिंग निर्दोष ठरत नाही. अनेक गाड्यांत ईसीएम फक्त रिलेच्या कॉइलवर लक्ष ठेवतो, आणि रिलेपासून पंपापर्यंत काय चालले आहे हे त्याला कळत नाही.

५. गाडीला सीएनजी असेल तर

आपल्याकडे सीएनजीच्या गाड्या पुष्कळ आहेत आणि अशा मालकाच्या हाती तपासणीचे एक फुकट साधन आहे, ते बहुतेक जण वापरत नाहीत. गाडी पेट्रोलवर बंद पडत असेल आणि सीएनजीवर घाट निर्वेध चढत असेल, तर स्पार्क, क्रँक सेन्सर आणि ईसीएम ठीक आहेत असे मानायला हरकत नाही, कारण सिक्वेन्शियल किट पेट्रोल इंजेक्टरला मिळणाऱ्या ईसीएमच्या सिग्नलवरच चालते. मग उरतो तो पेट्रोलचा पुरवठा. दोन्ही इंधनांवर सारखीच बंद पडत असेल, तर पंपामागे लागू नका.

याला एक उलट बाजूही आहे. काही किट बसवताना गॅसवर पंप थांबावा म्हणून पंपाची वायर मध्येच तोडून तिथे एक जादा रिले घालतात, आणि तो जोड नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला असतो. दोन पावसाळ्यांत तो हिरवा पडतो. जिथे पंप गॅसवरही चालूच राहतो, तिथे टाकी कायम तळाला ठेवण्याची सवय पंपाला मारते, कारण टाकीतले पेट्रोलच त्याला थंड ठेवते. पाव टाकी पेट्रोल नेहमी असू द्यावे. गॅसच्या पाइपला किंवा रेग्युलेटरला स्वतः हात लावू नये. ते काम अधिकृत केंद्राचे आहे.

६. फ्यूज आणि रिले

फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून भागत नाही. तो जागेवर असताना वरच्या दोन्ही उघड्या टोकांवर मीटर लावा. दोन्हीकडे व्होल्टेज सारखे यायला हवे. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल, तर जास्त अँपिअरचा फ्यूज घालू नका. पंप अडकतो आहे किंवा वायर कुठेतरी पत्र्याला घासते आहे, आणि पुढचा ‘फ्यूज’ मग ती वायरच ठरते.

बऱ्याच रिलेंच्या पायांवर आकडे छापलेले असतात: ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो पंपाकडे जातो, आणि ८५ व ८६ हे आतल्या कॉइलचे पाय. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५० ते १२० ओहममध्ये येतो. हा आकडा ठीक आला तरी रिले चांगला आहे असे म्हणता येत नाही, कारण झिजतात ते ३० आणि ८७ मधले काँटॅक्ट. १९९० च्या दशकातल्या होंडा गाड्यांचा मेन रिले या बाबतीत जगभरच्या मेकॅनिकांना ठाऊक आहे: आतल्या सर्किटचे सोल्डर तडकते, गाडी उन्हात तापली की तड उघडते आणि गार झाली की मिटते. म्हणून संशय असेल तर रिले उघडून पाहत बसू नका. त्याच नंबरचा नवा लावून आठवडाभर गाडी चालवा. हॉर्नचा रिले काढून लावायचा असेल, तर पायांची रचना आणि आतल्या डायोडची दिशा एकच आहे ना, हे त्यावरच्या आकृतीवरून पडताळा.

रिले काढून ३० आणि ८७ च्या खाचा फ्यूजवाल्या वायरने जोडल्या की पंप थेट चालायला हवा. ही जोडणी केवळ तपासणीपुरती आहे. रस्त्याकडेला काही वायरमन हीच ‘डायरेक्ट’ वायर कायमची टाकून देतात, गाडी पळू लागते आणि मालक खूश होतो. पण अपघातात इंजिन थांबले तरी पंप चालूच राहील आणि फुटलेल्या पाइपातून पेट्रोल बाहेर टाकत राहील. अशी वायर कोणी टाकली असेल, तर आजच काढून घ्या.

७. खरी मोजणी: पंप चालू असताना

सर्वांत मोठा सापळा इथे आहे, आणि माझी गाडी ज्या दोन गॅरेजांत गेली तिथले मेकॅनिक दोन्हीकडे त्यात अडकले. पंपाचा कपलर सुटा करून त्यात मीटर लावला, १२ व्होल्ट दिसले, आणि ‘सप्लाय बरोबर आहे, पंपच गेला’ असा निकाल लागला. मीटर स्वतः जवळपास करंट ओढत नाही, म्हणून एका केसाएवढ्या तारेने जोडलेली किंवा आतून गंजलेली वायरही त्याला पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप मात्र साधारण ५ अँपिअर ओढतो. वाटेत कुठे अर्ध्या ओहमचा अडथळा असेल, तर अडीच व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि त्या एवढ्याशा जागेत साडेबारा वॉट उष्णता तयार होते. कपलरचे प्लास्टिक पिवळे-तपकिरी होऊन वितळते ते यामुळेच, आणि गाडी वीस मिनिटे चालून बंद पडते व गार झाली की सुरू होते, तेही बहुधा यामुळेच.

म्हणून कपलर जोडलेला ठेवा, इंजिन चालू ठेवा आणि मागून टाचणी सरकवून दोन मोजण्या घ्या. पहिलीत मीटरचे लाल टोक बॅटरीच्या प्लसवर आणि काळे पंपाच्या प्लस वायरवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी यायला हवे. दुसरीत काळे टोक बॅटरीच्या मायनसवर आणि लाल पंपाच्या अर्थिंगच्या वायरवर लावा, इथे ०.२ व्होल्टच्या आत यायला हवे. बॅटरीपर्यंत पोहोचण्यासाठी मीटरला एक लांब वायर जोडावी लागते. तो आळस करून मागच्याच एखाद्या स्क्रूला टोक लावले, तर नेमका अर्थिंगचा दोष लपतो. आकडा जास्त आला, तर एक टोक जागेवर ठेवून दुसरे एकेक जोड पुढे सरकवा. ज्या जोडाच्या अलीकडे-पलीकडे आकडा उडी मारतो, तिथे दोष आहे.

इंजिन सुरूच होत नसेल, तर पंपाऐवजी कपलरवर ५५ वॉटचा बल्ब जोडा. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे पंपाइतकाच. रिलेच्या जागी फ्यूजवाली वायर लावून तो लख्ख पेटला तर वायरिंग ठीक. लालसर मिणमिणला तर वाटेत अडथळा आहे. बल्ब लांब वायरीने गाडीबाहेर ठेवायचा, टाकीवर नव्हे.

८. दोष पकडला जातच नसेल तर

माझ्याकडे या सर्व मोजण्या गाडी उभी असताना ठीक आल्या. तेव्हा पंपाच्या प्लस वायरवरून एक अँपिअरचा फ्यूज घातलेली बारीक वायर पुढे आणून मी डॅशबोर्डवर छोटा डिजिटल व्होल्टमीटर बसवला, त्याचा मायनस पुढच्या अर्थिंगला दिला आणि तसाच रोज कामाला जाऊ लागलो. इंजिन चालू असताना त्यावर १३.५ ते १४ च्या आसपास आकडा दिसतो. तो सोबतच्या माणसाने पाहायचा असतो. चालवणाऱ्याने रस्ता पाहावा.

इंजिन झटके देत असतानाच आकडा आधी पडला, तर दोष पुरवठ्याच्या बाजूला आहे: फ्यूज, रिले, प्लस वायर किंवा मधला एखादा जोड. आकडा आणि आरपीएमचा काटा एकदमच कोसळले, तर क्रँक सेन्सर किंवा मेन रिले पाहावा, कारण सिग्नल जाताच ईसीएम स्वतः पंप बंद करतो. आणि इंजिन मरेपर्यंत आकडा १३ च्या वर टिकून मग पडला, तर पुरवठा ठीक आहे. संशय पंपावर किंवा त्याच्या अर्थिंगवर जातो. माझ्याकडे असेच झाले. मग मीटरचा मायनस पुढच्या अर्थिंगवरून काढून थेट पंपाच्या मायनस वायरवर नेला. तिसऱ्या दिवशी भर पावसात, बंद पडण्याच्या अर्धा मिनिट आधी, आकडा १३.६ वरून ९ वर आणि मग ६ वर घसरला. पंप नवा होता, पुरवठा भरपूर होता, फक्त करंटला परतीची वाट नव्हती.

९. पंपाचा करंट

रिलेच्या जागी ३० आणि ८७ मध्ये मीटर १० अँपिअरच्या खाचेवर लावला की पंप किती ओढतो ते कळते. साधारण ४ ते ७ अँपिअर हे नेहमीचे. फार जास्त असेल तर पंप जाम होतो आहे किंवा फिल्टर तुंबला आहे. फार कमी असेल तर वायरिंगमध्ये अडथळा आहे किंवा ब्रश झिजले आहेत. मोजून झाल्यावर मीटरचे लाल टोक लगेच व्होल्टच्या खाचेत परत घाला, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर व्होल्टेज पाहायला जाल आणि थेट शॉर्ट कराल. मी एकदा केले आहे.

१०. दुरुस्ती करताना

अर्थिंगचा स्क्रू काढून पत्र्यावरचा रंग आणि गंज चकाकी येईपर्यंत घासावा, नवे थिंबल क्रिंप करावे, स्क्रू घट्ट आवळून वर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावावे. वितळलेला कपलर साफ करून पुन्हा वापरू नये. वायरीसकट नवा घ्यावा आणि जुन्याइतक्याच जाडीची वायर जोडावी. टाकीजवळ सोल्डरिंग करू नये. वायर उंदराने कुरतडली असेल, तर दिसलेला एक तुकडा जोडून थांबू नका, दरवाज्याखालची पट्टी उघडून पूर्ण वायर बोटांनी चाचपा. माझ्या स्क्रूवर पाणी आले होते ते मागच्या दरवाज्याच्या फाटलेल्या रबरातून, म्हणून रबरही बदलावे लागले.

यानंतर सातव्या टप्प्यातल्या दोन्ही मोजण्या पुन्हा घ्या आणि तारीख, किलोमीटर व आकडे कागदावर लिहून तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा. माझ्या कागदावर प्लसच्या बाजूला ०.३ आणि अर्थिंगच्या बाजूला ०.०५ असे आकडे आहेत.